फाइल कुणाकडे आहे?

मी नेमकं काय काम करते हे आमच्या घरातल्या निम्म्या मंडळींना अजून कळलेलं नाही. "कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते" एवढ्यावर भागतं, आणि मग कुणीतरी बिघडलेला प्रिंटर दाखवतं. :-) तेव्हा आज जरा सविस्तर. आमच्या धंद्यातला एकच प्रश्न घेते आणि त्याचा इतिहास सांगते. प्रश्न साधा आहे: फाइल कुणाकडे आहे? कॉम्प्युटरवाल्या मित्रांना यातला काही भाग पाठ असेल, त्यांनी तो ओलांडून पुढे जावं.

सुरुवात कॉम्प्युटरच्याही आधीपासून करायला हवी. आमचं ऑफिस पावणे एमआयडीसीत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा, महापे आणि तुर्भ्याच्या मधला हा पट्टा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्यानंतर खाडीपलीकडच्या या गावांच्या जमिनींवर कारखाने उभे राहू लागले. रसायनं, औषधं, रंग, इंजिनिअरिंगचे सुटे भाग. अशा जुन्या कारखान्यांत एक ड्रॉइंग ऑफिस असायचं. मूळ नकाशा ट्रेसिंगवर शाईने काढलेला. तो सपाट कप्प्यांच्या लोखंडी कपाटात. खाली वर्कशॉपमध्ये जायच्या त्या त्याच्या अमोनिया प्रिंट, म्हणजे निव्वळ प्रती. मुळात बदल करायचा असेल तर ड्राफ्ट्समनने रजिस्टरमध्ये सही करायची, ट्रेसिंग न्यायचं, ब्लेडने जुनी रेघ खरवडायची, नवी काढायची, कोपऱ्यातल्या चौकटीत रेव्हिजनचं अक्षर एकाने पुढे सरकवायचं, तारीख घालायची आणि ट्रेसिंग परत करायचं.

या व्यवस्थेत कुलूप कुणी मुद्दाम बनवलेलं नव्हतं. ट्रेसिंग एकच. ते एका टेबलावर असताना दुसऱ्या टेबलावर असूच शकत नाही. वस्तूच स्वतःचं कुलूप होती. आणि रजिस्टर उघडलं की कुणाकडे आहे ते कळायचं. तो माणूस चार टेबलं सोडून बसलेला असायचा.

कॉम्प्युटरच्या फाइलने हे सगळं मोडलं, कारण फाइलची नक्कल करायला कष्ट पडत नाहीत आणि नक्कल मुळासारखीच असते. लग्नाच्या आमंत्रणांची यादी घ्या. यादी आईकडे आहे. पुण्याच्या आत्याने एक प्रत नेली, डोंबिवलीच्या काकांनी एक. आत्याने सासरची बारा नावं घातली आणि यादी परत पाठवली. आईने जुनी टाकून तीच ठेवली. संध्याकाळी काकांची आली. त्यांनी सकाळच्या यादीत आपल्या ऑफिसातली आठ नावं घातली होती. आईने पुन्हा जुनी टाकून नवी ठेवली. आत्याची बारा नावं गेली! कुणी खोडली नाहीत, कुणाची चूक नाही, पण गेली. आणि कळणार कधी, तर लग्नाच्या दिवशी, आत्याच्या चेहऱ्याकडे बघून. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या टीममध्ये हे रोज होऊ शकतं, फक्त नावांच्या जागी सूचना असतात.

यावरचा पहिला उपाय म्हणजे कुलूप. एकाने फाइल घेतली की बाकीच्यांनी थांबायचं. ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. एकेरी रेल्वेमार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत म्हणून टोकन देण्याची पद्धत फार जुनी आहे. आपल्याकडे अनेक मार्गांवर धातूचा गोळा असायचा. दोन स्टेशनांवर एकमेकांशी तारेने जोडलेली यंत्रं. त्यांतून एका वेळी एकच गोळा बाहेर निघणार. तो गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने त्या टप्प्यात शिरायचं नाही. एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमना शिस्त लावण्यासाठी एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात जी युक्ती काढली, तिचं नावही त्याने रेल्वेवरूनच घेतलं: सेमाफोर, म्हणजे सिग्नलचा हात.

फाइलींसाठी हे पद्धतशीरपणे झालं ते अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये. मार्क रॉशकिंडने १९७२ मध्ये 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टीम' लिहायला घेतली, आणि १९७५ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, फाइलचा प्रत्येक बदल वेगळा जपून ठेवला, त्यामुळे कुठल्याही जुन्या तारखेची फाइल परत उभी करता येऊ लागली. दुसरी, फाइल बदलण्यासाठी काढून घेतली की शेजारी एक छोटी नोंद तयार व्हायची: कुणी घेतली, कधी घेतली. ती नोंद असेपर्यंत दुसऱ्याला तीच आवृत्ती बदलायला मिळत नसे. ड्रॉइंग ऑफिसचं रजिस्टरच ते, फक्त सही यंत्र करून घेत होतं.

दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, परड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी 'रिव्हिजन कंट्रोल सिस्टीम' केली. कुलूप तिच्यातही होतं. पण तिच्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्याने लावलेलं कुलूप तोडायची सोय तिच्यात होती. माणूस आजारी पडतो, रजेवर जातो, नोकरी सोडतो; कुलूप तोडायची वेळ येतेच. मात्र तोडताना प्रोग्रॅम तुम्हाला थांबवून कारण लिहायला लावायचा, आणि ते कारण कुलूपवाल्याला मेलने जायचं. तोडा, पण का तोडलं ते त्याला कळवा. ही सभ्यता १९८२ साली सॉफ्टवेअरमध्ये होती! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुलपाला पहिला मोठा नकार आला तो अॅमस्टरडॅममधून, आणि तोही अगदी घरगुती कारणाने. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक डिक ग्रून १९८४-८५ मध्ये दोन विद्यार्थ्यांबरोबर एका कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी नियमित, नऊ ते पाचवाला. दुसऱ्याचा काही नेम नाही. आणि ग्रूनना स्वतःला वेळ मिळायचा फक्त संध्याकाळी. म्हणजे एकाने फाइलला कुलूप लावून घरी जावं आणि दुसऱ्याने तेव्हाच कामाला बसावं. तिघांची गाठ पडणं मुश्कील. म्हणून ग्रूननी टिचींच्याच साधनावर काही स्क्रिप्ट लिहिल्या: प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी, हवं तेव्हा बदलावी आणि नंतर सगळ्यांचे बदल एकत्र करावेत. १९८६ मध्ये त्यांनी हे सर्वांसाठी खुलं केलं, १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनरने ते नव्याने लिहिलं, आणि पुढची पंधराएक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरचं जग बरंचसं त्यावर, म्हणजे सीव्हीएसवर, चाललं.

एकत्र करायचे म्हणजे कसे? पुन्हा लग्नाच्या यादीकडे या. आईकडे तीन कागद हवेत: सकाळची मूळ यादी, आत्याची आणि काकांची. मुळाशी ताडून पाहिलं की आत्याने काय बदललं आणि काकांनी काय, हे वेगवेगळं दिसतं. दोघांनी वेगळ्या ओळींना हात लावला असेल तर दोन्ही बदल घेऊन टाकायचे. एकाच ओळीला दोघांनी हात लावला असेल तर मात्र यंत्र थांबतं आणि माणसाला विचारतं. गंमत अशी की मूळ कागद नसेल तर यातलं काहीच जमत नाही. काकांच्या यादीत आत्याची नावं नाहीत, ती काकांनी गाळली की त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती, हे मुळाशिवाय कळत नाही. दोघांचं भांडण मिटवायला दोघांचाही समान पूर्वज लागतो!

पण हेही संपूर्ण उत्तर नाही. समजा आत्याने पत्रिकेच्या मजकुरात मुहूर्त अकराचा नऊ केला. काकांनी खाली वेगळ्या ओळीत लिहिलं, "डोंबिवलीहून बस साडेआठला सुटेल." ओळी वेगळ्या, म्हणून यंत्र खूश. पत्रिका छापली जाते, आणि वऱ्हाड पोचतं ते अक्षता पडून गेल्यावर. अक्षरं भांडली नाहीत, अर्थ भांडला. तो यंत्राला दिसत नाही. तो पाहायला आत्या आणि काकांनी एकमेकांना फोनच करावा लागतो.

आता आमच्या पावण्याची गोष्ट.

२००५ मध्ये मी याच भागातल्या एका छोट्या कंपनीत होते. नाव महत्त्वाचं नाही. रासायनिक कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलसाठी प्रोग्रॅम लिहायचं काम. आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सोर्ससेफ होतं, तेव्हा आसपासच्या बहुतेक छोट्या ऑफिसांत तेच असायचं. मूळ ते वन ट्री सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचं, मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये विकत घेतलेलं. त्याची रीत सरळ कुलपाची. कुणी फाइल घेतली की स्क्रीनवर तिच्यावर लाल खूण, आणि समोर नाव. आमच्या कामाला ते योग्यही होतं, कारण पॅनेलचे प्रोग्रॅम साध्या अक्षरांच्या फाइलीत नसतात. ज्या कंपनीचं यंत्र, तिच्या खास सॉफ्टवेअरमध्येच ते उघडतात. ओळी नाहीत, त्यामुळे ओळी ताडून एकत्र करणंही नाही. अशा फाइलीवर दोघांनी काम केलं तर एकाचं वाया जाणार हे ठरलेलं.

२६ जुलैचा मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा आता सगळ्यांना पाठ आहे. बदलापूरहून येणारा आमचा एक सहकारी दुपारीच निघाला, गाड्या बंद पडायच्या आत पोचावं म्हणून. तो वाटेत अडकला. उल्हास नदीने बदलापूर-कल्याण पट्ट्याचं काय केलं ते तिकडच्या लोकांना विचारा. फोन बंद, मोबाइल बंद. दोन दिवस त्याचा काही पत्ता नव्हता.

शुक्रवारी एका कारखान्यातून निरोप आला. त्यांच्या एका पंपाच्या मोटरीत पाणी शिरलं होतं. तो पंप वगळून रिअॅक्टर सुरू करायचा तर प्रोग्रॅम बदलून हवा होता. फाइल उघडायला गेलो तर लाल खूण. समोर त्याचं नाव. त्याच्या मशीनला पासवर्ड. साहेबांनी अॅडमिनच्या अधिकाराने कुलूप तोडलं. कुणी कारण विचारलं नाही, कुठे काही लिहिलं नाही. सर्व्हरवरची प्रत घेऊन दुसऱ्या एकाने बदल केला, तपासला, आणि सोमवारी सकाळी तो कारखान्यात टाकायचं ठरलं.

रविवारी माझ्या घरी फोन आला. तो कुठल्यातरी पीसीओवरून बोलत होता. तळमजल्यावरच्या घरात छातीभर पाणी येऊन गेलेलं, आईवडील शेजाऱ्यांकडे वरच्या मजल्यावर. सगळे सुखरूप आहेत एवढं सांगून त्याने पहिला प्रश्न विचारला, "ती फाइल कुणी उघडली नाही ना?"

मी म्हटलं, उघडली. क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग त्याने सांगितलं. थंड पाण्याचा दाब कमी झाला की रिअॅक्टरचं गरम करणं आपोआप थांबलं पाहिजे. त्या तपासणीत त्याला एक खोट सापडली होती: पाणी कमी झाल्यावर प्रोग्रॅम जितका वेळ वाट पाहत होता, तो फार जास्त होता. त्याने ती दुरुस्त केली होती, पण पूर्ण तपासल्याशिवाय परत ठेवायची नाही म्हणून फाइल स्वतःकडे ठेवली होती. दुरुस्ती होती फक्त त्याच्या मशीनवर. आणि आम्ही जो पंप वगळत होतो, तो थंड पाण्याचाच होता.

त्याने पासवर्ड सांगितला. सोमवारी सकाळी आधी कारखान्याला फोन करून रिअॅक्टर थांबवून ठेवायला सांगितलं. मग दोन्ही प्रोग्रॅमचे प्रिंटआउट काढून जमिनीवर शेजारी शेजारी पसरले आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून एकेक पायरी ताडत गेलो. तीनदा ताडलं. संध्याकाळी एकत्र केलेला प्रोग्रॅम गेला. काहीही अघटित घडलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो कामावर आला तेव्हा मीटिंगमध्ये त्याला विचारलं गेलं, फाइल लॉक ठेवून गेलासच कसा? नियम झाला: रोज संध्याकाळी सगळी कुलपं काढून जायचं. झालं! आता अर्धवट, न तपासलेलं काम रोज संध्याकाळी सर्व्हरवर येऊ लागलं. आधी निदान लाल खूण तरी सांगायची की इथे काहीतरी चाललं आहे. तो सहकारी वर्षभरात दुसरीकडे गेला. मला आजही वाटतं, त्याने कुलूप लावलं म्हणून आम्ही अडचणीत आलो नव्हतो. कुलूप नाव सांगत होतं, कारण सांगत नव्हतं, आणि ते कुणी विचारत नव्हतं. टिचींच्या प्रोग्रॅमने तेवीस वर्षांपूर्वी विचारलं असतं.

योगायोग असा की याच वर्षी जग दोन्ही दिशांना गेलं. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. त्यात प्रत्येकाकडे सगळा इतिहास, कुलूप नावाची चीजच नाही. हजारो माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, त्यांना कुलूप परवडणारच नव्हतं. आणि पुढच्याच महिन्यात, मे २००५ मध्ये, सबव्हर्जनची १.२ ही आवृत्ती आली. सबव्हर्जन मुळात सीव्हीएसची जागा घ्यायला निघालेलं, एकत्रीकरणाच्या पंथातलं. त्यात आता कुलूप परत आलं! कारण चित्रं, नकाशे, ध्वनी यांच्या फाइली एकत्र करता येत नाहीत हे लोकांनी अनुभवलं होतं. कुलपाबरोबर शेरा लिहायची सोय होती. ज्या फाइलींना कुलूप हवंच अशी खूण केली असेल, त्या कुलूप घेईपर्यंत नुसत्या वाचता यायच्या. आणि गंमत म्हणजे गिटच्या जगालाही शेवटी हेच करावं लागलं: मोठ्या फाइलींसाठी २०१५ साली जी जोड आली, तिच्यात २०१७ मध्ये कुलूप आलं.

हे सगळं वाचताना मला आपला तलाठी आठवतो. हसू नका. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती असते, पण बदल आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, क्रमांकाने लिहिला जातो. मग संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तेव्हाच सातबारा बदलतो. जुनं नाव खरवडून काढत नाहीत. पूर्वी त्याला कंस करायचे, आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. त्या क्रमांकावरून मागे मागे आजोबा-पणजोबांपर्यंत जाता येतं. म्हणजे बदलाचा क्रमांक, कारण, हरकत घ्यायची संधी, दुसऱ्याची तपासणी आणि न पुसलेला इतिहास. ज्या गावांच्या जमिनी एमआयडीसीसाठी आणि पुढे सिडकोसाठी गेल्या, तिथल्या लोकांना विचारा, जुन्या नोंदीचा एक क्रमांक सापडणं म्हणजे काय असतं. तलाठ्याच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी असतील, पण आराखडा विचारपूर्वक केलेला आहे. बदल करण्यापूर्वी ज्याचा संबंध आहे त्याला कळवा, हे त्यात नियम म्हणून लिहिलेलं आहे.

माझी आजची कंपनी वेगळी आहे, काम तेच. अक्षरांच्या फाइलींना आम्ही कुलूप लावत नाही; त्या गिटमध्ये एकत्र होतात, आणि दुसऱ्याने वाचून पाहिल्याशिवाय आत जात नाहीत. पॅनेलचे प्रोग्रॅम आणि नकाशे यांना मात्र कुलूप. लावताना तीन गोष्टी लिहायच्या: काय बदलतो आहे, का, आणि आपण सापडलो नाही तर कुणाला विचारायचं. अर्धवट कामाची प्रत रोज वेगळ्या शाखेत ठेवायची, म्हणजे ती एकाच मशीनवर अडकत नाही आणि मुख्य प्रतीतही मिसळत नाही. कुलूप तोडता येतं, पण तोडणाऱ्याने आधी फोन करायचा, आणि फोन लागला नाही तर तोडण्याचं कारण लिहायचं. नव्या मुलांना हे सगळं जुनाट वाटतं. मग मी त्यांना त्या पंपाची गोष्ट सांगते. बहुतेकांना २६ जुलै आठवत नाही, काही तेव्हा बालवाडीत होते. पण गोष्ट सांगून झाली की शेरे नीट लिहिले जातात, निदान महिनाभर तरी.

असो. बरंच लांबलं. आता घरातल्यांनी 'तू काय काम करतेस' असं विचारलं तर सांगेन, कुणाकडे काय आहे आणि का आहे, हे लिहून ठेवायचं काम. आणि पुढच्या लग्नाची यादी मी करणार आहे, सर्व आत्या-काकांनी मूळ प्रत जपून ठेवावी ही विनंती.